साडेदहाच्या आधी, सहाच्या नंतर : बॉक्सिंग डे कसोटीचं मेलबर्न

कसोटी बघायला परदेशी निघालेल्या माणसाला घरचे हमखास विचारतात, "पाच दिवस मैदानातच बसणार, मग शहर कधी बघणार?" मेलबर्नपुरतं तरी याचं उत्तर सोपं आहे. डिसेंबरअखेर तिथे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि पावणेनऊच्या आसपास मावळतो. खेळ सकाळी साडेदहाला सुरू होतो, संध्याकाळी साडेपाच-सहाला संपतो. आणि मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, म्हणजे एमसीजी, हे एवढं मोठं मैदान शहराच्या टोकाला कुठेतरी नाही, ऐन मध्यात आहे. मुख्य रेल्वे स्टेशनापासून वीस मिनिटं चालत. त्यामुळे शहरासाठी वेगळा दिवस काढायची गरजच पडत नाही. मैदानाकडे जायची वाट रोज बदलायची, आणि संध्याकाळी परतताना तिसरीच धरायची. मामा आणि मी २०२४च्या बॉक्सिंग डे कसोटीला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणाऱ्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याला, गेलो तेव्हा हेच केलं, आणि मेलबर्न बघायची याहून चांगली रीत मला तरी सुचत नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

मेलबर्नच्या विमानतळावरून शहरात रेल्वे जात नाही. बस आहे, ती थेट सदर्न क्रॉस स्टेशनात सोडते. आम्ही राहायची जागा मुद्दाम मोफत ट्राम विभागात घेतली होती. शहराच्या मधल्या भागात २०१५पासून ट्रामला तिकीट लागत नाही. चढायचं, उतरायचं, कार्ड दाखवायचंही नाही. हद्द संपायच्या थांब्याला गाडीतच घोषणा होते. त्यापलीकडे जायचं तर मायकी हे प्रवासाचं कार्ड हवं. ट्राममध्ये ते फक्त चढताना टेकवायचं, रेल्वेत मात्र चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा. जगातलं सगळ्यात मोठं ट्रामचं जाळं या शहरात आहे, सुमारे २५० किलोमीटरचं, आणि त्यातली ३५ क्रमांकाची जुनी, लाकडी बाकांची गाडी शहराच्या मधल्या भागाला फेरी मारते. प्रवासाचा शीण असेल तर पहिल्या दुपारी तीच धरावी. खिडकीत बसून शहराचा नकाशा आपोआप डोक्यात बसतो.

स्टेट लायब्ररीचं घुमटाखालचं वाचनालय मात्र चालत जाऊन बघितलं. १९१३ साली उघडलेली ही अष्टकोनी खोली, मधोमध ग्रंथपालाची उंच जागा आणि तिथून चहूबाजूंना पसरलेली टेबलं. नेड केली या दरोडेखोराचं लोखंडी चिलखतही याच इमारतीत आहे. मामा चिलखतापाशी फार थांबला नाही. त्याला फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन बघायचं होतं.

ते स्टेशन बघण्यासारखं आहेच. १९१०मध्ये पूर्ण झालेली पिवळी इमारत, हिरवट घुमट आणि दारावर ओळीने लावलेली घड्याळं. मेलबर्नचे लोक एकमेकांना भेटायचं ठरवतात ते याच घड्याळांखाली.

संध्याकाळी किराणा भरला. नाताळला जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात, त्यामुळे दूध, पाव, फळं आदल्या दिवशीच आणून ठेवावी लागतात.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळच्या दिवशी रेल्वे, ट्राम, बस सगळं मोफत आणि शहर रिकामं. बरेच पर्यटक हा दिवस वाया गेला म्हणून हळहळतात. क्रिकेटवेड्याला मात्र याहून चांगला दिवस मिळणार नाही, कारण मैदानाची प्रदक्षिणा शांतपणे याच दिवशी घालता येते. दुसऱ्या दिवशी इथे लाखभर लोक असतात.

आम्ही फिट्झरॉय गार्डन्समधून गेलो. एल्म वृक्षांच्या लांबच लांब रांगा आणि मध्ये एक ठेंगणं विटांचं घर. कॅप्टन कुकच्या आईवडिलांचं हे घर यॉर्कशरमधून विटा सुट्या करून आणलं आणि १९३४मध्ये इथे पुन्हा उभं केलं. बागेतून बाहेर पडून वेलिंग्टन परेड ओलांडली की जोलिमाँट, आणि तिथून झाडांच्या वरून दिव्यांचे सहा मनोरे दिसू लागतात.

यारा पार्कमध्ये मैदानाभोवती पुतळे आहेत. ब्रॅडमन, कीथ मिलर, पॉन्सफर्ड, लिली, वॉर्न हे ऑस्ट्रेलियाचे क्रिकेटपटू. धावपटू बेटी कथबर्टही आहे, कारण १९५६च्या ऑलिंपिकचं मुख्य मैदान हेच होतं. मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटलं ते टॉम विल्सच्या पुतळ्यापाशी. १८५८ साली याच हिरवळीवर दोन शाळांच्या मुलांचा फुटबॉलचा सामना झाला, त्यात पंच असलेला विल्स शिल्पात दाखवलाय. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या जन्माशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पण आपल्यासाठी महत्त्वाचं पुढचं. १८६६च्या बॉक्सिंग डेला या मैदानावर आदिवासी खेळाडूंचा संघ मेलबर्न क्रिकेट क्लबविरुद्ध खेळला, त्याला तयार केलं होतं विल्सने. जॉनी मुल्लाघ त्याच संघातला. पुढे १८६८मध्ये आदिवासी खेळाडूंचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेला पहिला क्रिकेट संघ तोच, आणि मुल्लाघ त्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. बॉक्सिंग डे कसोटीच्या सामनावीराला २०२०पासून मुल्लाघच्या नावाचं पदक देतात. ते पहिलं पदक गळ्यात पडलं आपल्या अजिंक्य रहाणेच्या. अॅडलेडला ३६वर सर्वबाद झालेला संघ, कोहली मायदेशी परतलेला, आणि नेतृत्व करत रहाणेने काढलेल्या ११२ धावा. ती खेळी मी पहाटे पाचला उठून टीव्हीवर बघितली होती. तिच्यामागे १८६६पर्यंत जाणारा धागा आहे हे मला या हिरवळीवर उभं राहिल्यावर जाणवलं आणि अंगावर काटा आला.

लिलीच्या पुतळ्यापाशी मामा बोलायला लागला. १९८१ची कसोटी त्याने रेडिओवर ऐकलेली. लिलीने गावसकरला पायचीत केलं, बॅटची कड लागली होती यावर गावसकर ठाम, आणि रागाच्या भरात तो चेतन चौहानलाही सोबत घेऊन बाहेर निघाला. सीमारेषेजवळ व्यवस्थापक दुराणींनी चौहानला थांबवलं म्हणून सामना वाचला. "आणि मग कपिल गं," मामा म्हणाला. "मांडी दुखावलेली, इंजेक्शन घेऊन आला शेवटच्या दिवशी." १४३ धावा हव्या असताना ऑस्ट्रेलिया ८३वर गडगडली. कपिलचे २८ धावांत ५ बळी. भारत ५९ धावांनी जिंकला. मामाला आकडे पाठ होते, ते सांगताना त्याचा आवाज मात्र स्थिर नव्हता.

२६ डिसेंबर, गुरुवार

पहिल्या दिवशी सगळ्यांच्या सोबतच जायचं असतं, म्हणून फ्लिंडर्स स्ट्रीटवरून निघालो. फेडरेशन स्क्वेअर ओलांडायचा, यारा नदीच्या काठाने बिरारुंग मार या बागेतून चालायचं आणि विल्यम बराक पुलावरून थेट मैदानाच्या आवारात उतरायचं. वुरुंजेरी लोकांच्या एका थोर पुढाऱ्याचं नाव या पादचारी पुलाला दिलंय. २००६च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी तो बांधला. चर्चगेटला उतरून वानखेडेकडे वाहणाऱ्या गर्दीसारखीच ही गर्दी, फक्त उजवीकडे नदी. निळे टीशर्ट, पिवळे टीशर्ट, ढोल, खांद्यावर बसलेली पोरं. सकाळी नऊला त्या पुलावरून चालणं हा मेलबर्नमधला माझा सगळ्यात आवडता प्रवास.

जागा निवडताना एक ध्यानात ठेवा. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेकडून येतो. शेन वॉर्न स्टँड दक्षिण बाजूला आहे, म्हणजे तिथे खालच्या मजल्यावर बसलात तर ऊन थेट तोंडावर. तिथलं ऊन भाजून काढतं. टोपी आणि सनस्क्रीनशिवाय बाहेरही पडू नये. आम्ही वरच्या मजल्यावर छपराखाली होतो. खेळाडू लहान दिसतात, पण क्षेत्ररचना पूर्ण कळते, आणि मला कसोटी तशीच बघायला आवडते. खाणं घरून नेता येतं, काचेचं काही नेता येत नाही.

त्या दिवशी ८७,२४२ लोक होते. एकोणीस वर्षांचा सॅम कॉन्स्टास पहिलीच कसोटी खेळत होता आणि त्याने बुमराला यष्टींच्या मागे षटकार मारला. भोवतीचे ऑस्ट्रेलियन वेडे झाले, आणि खरं सांगते, मीही टाळ्या वाजवल्या. असं धाडस रोज बघायला मिळत नाही. त्याच्या ६० धावा झाल्या. पण दुपारी ट्रॅव्हिस हेडने चेंडू सोडून दिला आणि बेल्स उडाल्या, शून्यावर, तेव्हा आमच्या बाजूचा आवाज कुठल्याही अर्थाने कमी नव्हता. दिवसअखेर ६ बाद ३११.

खेळ संपल्यावर रिचमंड आणि जोलिमाँट या दोन्ही स्टेशनांवर झुंबड उडते. घाई नसेल तर सरळ चालत सुटावं. आम्ही बर्क स्ट्रीटपर्यंत चालत गेलो. बॉक्सिंग डेच्या सेलमुळे तिथेही जत्राच.

२७ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी डेग्रेव्ह्स स्ट्रीटच्या गल्लीत कॉफी. मेलबर्नचे लोक कॉफीबद्दल फार गंभीर असतात आणि ते गांभीर्य कपात उतरतं. होझिअर लेनमधली भिंतीवरची चित्रं तिथून दोन मिनिटांवर. ती रोज बदलतात, त्यामुळे अमुक एक चित्र बघायचंच असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मैदानावर आपले खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून उतरले. आदल्या रात्री डॉ. मनमोहनसिंग गेल्याची बातमी आली होती. आमच्या रांगेतले अनोळखी लोक त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलत होते. स्मिथने १४० केल्या, ऑस्ट्रेलिया ४७४. यशस्वी आणि कोहली सुरेख खेळत होते, मग धाव घेताना गोंधळ झाला, यशस्वी ८२वर धावबाद, आणि तिथून सगळं ढासळलं. ५ बाद १६४.

मन उतरलं होतं, म्हणून समुद्राकडे गेलो. ९६ क्रमांकाची ट्राम शहरातून थेट सेंट किल्डाच्या किनाऱ्यावर जाते. वाटेत फिट्झरॉय स्ट्रीटच्या टोकाला उतरलो. तिथे जंक्शन ओव्हल आहे, शेन वॉर्नच्या सेंट किल्डा क्लबचं मैदान. एमसीजीतला त्याच्या नावाचा भव्य स्टँड आणि हे झाडांआडचं साधं मैदान, दोन्ही एका दिवसात बघितली की त्याच्या कारकिर्दीची लांबी समजते. २००६च्या बॉक्सिंग डेला त्याने सातशेवा बळी घेतला तो एमसीजीवर, आणि त्याला अखेरचा निरोपही शहराने तिथेच दिला.

किनाऱ्यावर लूना पार्कचं १९१२पासूनचं ते भलंमोठं हसरं तोंड, आणि धक्क्यावर सूर्यास्त बघायला जमलेली माणसं. साडेआठलाही उजेड होता.

२८ डिसेंबर, शनिवार

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट १८७८पासून भरतंय. सोमवारी आणि बुधवारी बंद असतं, शनिवारी मात्र पहाटेच उघडतं, तेव्हा खेळाआधी निवांत दीड तास मिळतो. डिसेंबर म्हणजे चेरीचा हंगाम. किलोभर चेरी घेतल्या आणि मैदानात रांगभर वाटल्या.

आणि आता त्या दिवसाबद्दल. सकाळी ऋषभ पंत गेला, जडेजा गेला, ७ बाद २२१, फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी करायची नामुष्की, टाळायलाही अजून पन्नासहून जास्त धावा हव्यात. पुढे नितीशकुमार रेड्डी आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी आठव्या जोडीसाठी १२७ जोडल्या. मध्ये पाऊस आला, मेलबर्नच्या रिवाजाप्रमाणे तासाभरात ऊन, ढग, वारा सगळं दाखवून गेला. सुंदर ५०वर बाद. नितीश ९९वर असताना बुमरा शून्यावर गेला. शेवटचा सिराज आत आला आणि कमिन्सचे तीन चेंडू उरलेले.

ते तीन चेंडू मी उभ्यानेच बघितले. मामा खाली मान घालून बसला होता आणि फक्त विचारत होता, "काय झालं? काय झालं?" तिन्ही चेंडू सिराजने खेळून काढले आणि अख्ख्या मैदानाने त्याला शतकवीरासारखी दाद दिली. पुढच्या षटकात नितीशने बोलंडला मिड-ऑनवरून चौकार मारला. गुडघ्यावर बसून त्याने बॅट जमिनीत रोवली, तिच्यावर हेल्मेट ठेवलं. मोठ्या पडद्यावर त्याचे वडील दिसले, रडत होते, हात जोडत होते. मुलाच्या क्रिकेटसाठी त्यांनी नोकरी सोडली होती हे तिथल्या जवळजवळ प्रत्येक भारतीयाला ठाऊक होतं. आमच्या मागच्या रांगेतला एक म्हातारा ऑस्ट्रेलियन, हिरवी टोपीवाला, डोळे पुसत होता. त्याने मामाच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांपैकी कोणीही काही बोललं नाही.

थोड्या वेळाने अंधुक प्रकाशामुळे खेळ थांबला. त्या संध्याकाळी आम्ही काहीही बघायला गेलो नाही, यारा पार्कमध्ये ढोल थांबेपर्यंत तिथेच होतो.

२९ डिसेंबर, रविवार

बोटॅनिक गार्डन साडेसातला उघडतं. १८४६मध्ये वसवलेली ही बाग बघायला सकाळचे दोन तास पुरत नाहीत, पण तळ्याच्या काठाने एक फेरी होते. बागेभोवती ३.८ किलोमीटरची मातीची वाट आहे, तिला सगळे 'द टॅन' म्हणतात. रविवारी निम्मं मेलबर्न तिथे धावत असतं. शेजारच्या टेकाडावर पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं १९३४मधलं स्मारक. पायऱ्यांवरून मागे वळलं की सगळं शहर समोर.

तिथून नदी ओलांडली की थेट मेलबर्न पार्क, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन टेनिसचं घर, १९८८पासून. दोन आठवड्यांत स्पर्धा सुरू व्हायची होती, त्यामुळे सगळीकडे रंगरंगोटी. रॉड लेव्हर अरीनासमोर मामाला रोहन बोपण्णाची आठवण झाली. २०२४च्या जानेवारीत इथेच त्याने दुहेरीचं विजेतेपद मिळवलं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. अरीनाच्या मागून रेल्वेच्या रुळांवरचा पूल ओलांडला की एमसीजी. टेनिस आणि क्रिकेटची जगप्रसिद्ध मैदानं एका पुलाने जोडलेली, ही चैन फार थोड्या शहरांना लाभलीय.

बुमराने हेडला बाद करून दोनशेवा कसोटी बळी घेतला आणि ऑस्ट्रेलिया एका क्षणी ६ बाद ९१ होती. आपण तीन सोपे-अवघड झेल सोडले. शेवटी लायन आणि बोलंड चिकटून बसले ते उठलेच नाहीत, आणि ती भागीदारी मला आजही सलते.

३० डिसेंबर, सोमवार

पाचव्या दिवसाला शहर कामावर परतलेलं असेल असं वाटलं होतं. पण ७४ हजारांहून जास्त लोक आले. पाच दिवसांत मिळून ३,७३,६९१. जानेवारी १९३७च्या अॅशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया, कसोटीचा इथला ३,५०,५३४चा विक्रम इतक्या वर्षांनी मोडला. त्या १९३७च्या सामन्यात ब्रॅडमनने २७० केल्या होत्या.

३४० हव्या होत्या. ३ बाद ३३वरून यशस्वी आणि पंतने उपाहार ते चहापान अख्खं सत्र खेळून काढलं. चहाच्या वेळी कोणीही सामना हरेल असं म्हणत नव्हतं. मग पंतने हेडला उंच फटका मारला, लाँग-ऑनला झेल, आणि दार उघडलं. यशस्वी ८४वर असताना तिसऱ्या पंचांनी त्याला झेलबाद दिलं. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज टिपणाऱ्या ध्वनिरेषेवर काही उमटलं नव्हतं, पण चेंडूची दिशा बदललेली पडद्यावर दिसत होती. मला वाटतं निर्णय बरोबर होता, मामाला अजूनही पटत नाही. १५५ सर्वबाद. हरलो, १८४ धावांनी.

मैदानातून बाहेर पडताना आम्ही वेलिंग्टन परेडला ट्राम न पकडता नदीकाठाने सावकाश चालत गेलो. हरल्यावर चालावं. पावलांबरोबर सामना पुन्हा मनात खेळून होतो आणि थोडा हलका होतो.

३१ डिसेंबर, मंगळवार

सामन्याच्या दिवशी मैदानाचा नेहमीचा दौरा नसतो, म्हणून तो शेवटच्या दिवसावर ठेवला होता. वाटाड्ये मेलबर्न क्रिकेट क्लबचे स्वयंसेवक असतात, बहुतेक निवृत्त माणसं, आणि त्यांना हे मैदान तळहातासारखं माहीत असतं. रिकामं मैदान सीमारेषेवरून बघताना पहिली गोष्ट जाणवते ती अंतराची. टीव्हीवर सहज वाटणारा षटकार इथे किती लांब जावा लागतो! इथल्या खेळपट्ट्या बाहेर तयार करून मैदानात आणून बसवतात, कारण हिवाळाभर त्याच जागी फुटबॉल खेळायचा असतो. १८७७मध्ये क्रिकेटची पहिली कसोटी इथेच झाली, ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकली, आणि १९७७च्या शताब्दी कसोटीतही नेमक्या ४५च धावांनी. १९८५मध्ये रवी शास्त्रीला मिळालेली ऑडी गाडी अख्खा संघ टपावर चढवून याच हिरवळीवर फिरली होती. ती कुठून कुठे गेली ते मामाने वाटाड्याला बोटाने दाखवलं.

आवारातलं क्रीडा संग्रहालय दोन तासांत उरकायला जाऊ नका, अर्धा दिवस द्या. ऑलिंपिकचं दालन विशेष.

संध्याकाळी सहानंतर नववर्षासाठी पुन्हा सगळ्या गाड्या मोफत. आतषबाजी बघायला किंग्ज डोमेनला गेलो, पण लवकर परतलो. पुढची कसोटी ३ जानेवारीपासून सिडनीत होती, सदर्न क्रॉसवरून सिडनीची गाडी सकाळीच सुटते आणि अकरा तास घेते. मामाने खिडकीची जागा आधीच सांगून ठेवली होती.